उलटा एन

आमच्याकडे थंडी जुलैत पडते.
सकाळी सातला दव गोठतं, तेव्हा
स्टेशनसमोरच्या पांढऱ्या भिंतीवर
आबूदच्या कापडदुकानाचं नाव उगवतं.
जुन्या रंगात शिसं असायचं, ते चुन्यापेक्षा जास्त थंडी धरतं,
असं औषधांच्या दुकानातला रेनाल्दो सांगायचा.
औषधांचं दुकानही आता नाही,
त्यामुळे खरंखोटं कुणाला विचारू?
दहाला ऊन येतं आणि नाव पुसून नेतं.

सान्ता ब्रिखिदातला प्रत्येक फलक माझ्या बापाने रंगवला.
शिडी मी धरायची.
गिल्योनेचा बर्फाचा कारखाना: प्रत्येक अक्षराला पांढरी टोपी.
स्प्लेंदिद सिनेमा, जिथे पहिल्या दोन रांगांतल्या लोकांनी
खुर्च्या घरून आणायच्या.
एर्मेलिंदाबाईंचं हॉटेल, खोल्या सहा, चादरी पाच.
बाउतिस्ता रेडिओ दुरुस्त करायचा, मन लागलं तर घड्याळंही;
त्याच्या दारावर बारीक अक्षरांत
आज रोख, उद्या उधार.
तो उद्या एकदा आलाही,
पण तोवर बाउतिस्ता मुलाकडे राहायला गेला होता.

बापाला वाचता येत नव्हतं.
गावाला हे ठाऊक नव्हतं. किंवा असेलही.
दुकानदार चिठ्ठीवर लिहून देत,
तो चिठ्ठी भिंतीवर उतरवायचा,
जसं कुणी घोडा काढावा, किटली काढावी.
एस म्हणजे बदकाची मान.
ए म्हणजे आमची शिडी, मधल्या पायरीसकट.
एन मात्र दर वेळी फसवायचा:
दोन खांब, मधे घसरगुंडी,
चढायचं कुठल्या बाजूने?

आबूद गळ्यात टेप अडकवूनच बाहेर आला.
बराच वेळ मान वर करून पाहत राहिला.
मी शिडी घट्ट धरली, जणू पडणार होती ती शिडीच.
राहू दे, म्हणाला. लोक थांबून बघतील.
लोक थांबले. थांबलेल्यांतले काही आत गेले.
पुढे चाळीस वर्षं गावात कुणी आबूदकडे गेलंच नाही.
अस्तर पाहिजे? उलट्या एनकडे बघ.
शाळेचा गणवेश? उलटा एन.
त्याची मुलगी लग्न होऊन गेली, तीही उलट्या एनची.

गाडी बंद झाली ती एका मंगळवारी.
निरोपाला कुणी गेलं नाही,
बुधवारी येईल असं वाटलं.

मग एकेक जण दारात येऊन म्हणू लागला,
बासिलिओ, चुना घेऊन ये.
पुसायचे पैसे बापाने घेतले.
का नाही घेणार? पाव आता
तीस किलोमीटरवरून आणावा लागे.
मी पुन्हा शिडी धरली.
फक्त एवढंच, की तो एकच हात द्यायचा.
दुसरा दे, मी म्हणायची, अक्षरं दिसतील पुढे.
चुना महाग झालाय, म्हणायचा,
आणि घरी न्यायचा अर्धी भरलेली बादली.

आता नगरपालिकेला गावाची आठवण हवी आहे, चौकटीत.
मिकाएला वही घेऊन आली, वय बावीस.
सन विचारलं, रस्ता, क्रमांक.
क्रमांक नव्हते ग, मी म्हटलं, माणसं होती.
मग माझंच मला हसू आलं, क्रमांक होते की,
तेसुद्धा बापानेच काढलेले.
आबूदच्या आधी तिथे काय होतं? तिने विचारलं.
मला सांगता आलं नाही.
माझ्याआधीही गावात काही पुसलेलं असेल,
हा विचार इतक्या वर्षांत शिवला नव्हता.

जुना फोटो तिने जवळ धरला.
हा एन चुकलाय, म्हणाली, कम्प्युटरवर नीट करते.
मी तिला सकाळी सातला यायला सांगितलं.

आली. नाक लाल, हात बगलेत.
भिंत अजून निळसर होती.
मोठ्याने वाच, मी म्हटलं.
तिने पूर्ण नाव एका दमात वाचलं,
एनशी अडखळली नाही.
हे बापाला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं.
मीसुद्धा नाही.
पुन्हा वाचू का? तिने विचारलं,
आणि खिशात हातमोजे शोधू लागली.